पिकअपची उंची आणि सासूबाईंचा सूर

२ मार्च, रविवार, लातूर

काल मुखेडला कार्यक्रम झाला आणि माझी गिटार कुणालाही ऐकू आली नाही. ढोलकी ऐकू आली, पेटी ऐकू आली, सासूबाई तर माईक नसता तरी बाजाराच्या मैदानापर्यंत ऐकू आल्या असत्या. खाली उतरल्यावर मंडळाचा एक कार्यकर्ता येऊन म्हणाला, "दादा, गिटार धरून तुम्ही लई भारी दिसत होता." दिसत होता! दिसायला मी काय पुतळा आहे?

आजपासून ही डायरी. टोनच्या नोंदी ठेवायच्या, शास्त्रीय पद्धतीने. मी क्लासमध्ये नीट परीक्षेच्या पोरांना फिजिक्स शिकवतो, माझ्याइतक्या शिस्तीने या विषयाकडे पार्टीत दुसरं कोण बघणार? पार्टी म्हणजे माझ्या सासूबाईंची, 'सुमनबाई हटकर आणि पार्टी, नांदेड'. सासूबाई गातात आणि स्वतःच पेटी वाजवतात. त्यांचे दीर रामकिशनकाका ढोलकीवर. तीस वर्षं असंच चाललंय. दोन वर्षांपूर्वी मी इलेक्ट्रिक गिटार घेऊन शिरलो, तेव्हा कुठे पार्टी एकविसाव्या शतकात आली.

४ मार्च, मंगळवार

सापडलं! सगळा दोष पिकअपच्या उंचीचा.

गिटारच्या पोटावर, तारांच्या खाली पट्टी असते ती पिकअप. आत चुंबक, त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. वरची पोलादी तार थरथरली की आत वीज तयार होते आणि तीच स्पीकरमधून आवाज होऊन निघते. पट्टीच्या दोन टोकांचे स्क्रू पेचकसाने फिरवले की पट्टी वर-खाली होते. शिवाय प्रत्येक तारेखाली स्वतंत्र खिळा, त्याला पोल म्हणतात, तोही पिळून वर काढता येतो. जितकं जवळ तितकी वीज जास्त, जितकी वीज जास्त तितका आवाज मोठा. एका वाक्याचा हिशेब आहे, आणि मी दोन वर्षं खालच्या उंचीवर झक मारत होतो.

मोबाईलवर एका माणसाचा व्हिडिओ बघून हे कळलं. शेवटी तो बोट वर करून "पण" म्हणून काहीतरी सांगायला लागला होता. तेवढ्यात डाऊट सेशनची वेळ झाली, बंद केला.

५ मार्च, बुधवार

पिकअप वर घेतला. आधी अर्धा आटा, मग एक, मग म्हटलं भ्यायचं कशाला, जाऊ दे वर. पोलही वर काढले, जाड तारांचे जास्त, कारण माझी सगळी करामत जाड तारांवर, गिटारच्या गळ्यापासून खाली, पार पोटाजवळ चालते. आता तार आणि खिळा यांच्यामधून लग्नपत्रिकेचा कागद कसाबसा जातो.

आवाज काय आलाय! खालच्या मजल्यावरच्या महादेवप्पांनी काठीने छत वाजवलं. टोन, दहापैकी साडेनऊ.

रेणुका पोळ्या लाटत होती. आमची ही जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिथूनच म्हणाली, "अहो, तार लोखंडाची ना? आन् खाली चुंबक. मग चुंबक तारेला ओढणार न्हाई का? मी हे पाचवीला शिकवते."

मी म्हटलं, "पाचवीचं ज्ञान नीटला चालत नसतं."

तिचं लाटणं जरा जोरात चालू झालं.

९ मार्च, रविवार, नांदेड

एसटीने नांदेडला आलो. अहमदपूरपर्यंत गिटार मांडीवर उभी धरून. तालमीसाठी.

फार नाजूक गोष्ट लक्षात आलीय, आणि ती लिहिताना माझं मन जड होतंय. सासूबाई बेसूर झाल्या आहेत.

पार्टीचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे 'शाळेची वाट'. माझे सासरे आता नाहीत, हे त्यांनी रचलेलं, रेणुकाला पहिल्यांदा शाळेत घातलं तेव्हा. शेवटचा शब्द 'वाट' सासूबाई असा लांबवतात की लोक श्वास धरून बसतात. ह्या एका शब्दावर नांदेडपासून औशापर्यंत पार्टीला सुपाऱ्या येतात. त्या शब्दामागे मी जाड तारेवर तोच सूर धरतो. आज धरला, तर दोघांच्या मध्ये काहीतरी वँव-वँव-वँव असं हलायला लागलं. तीनदा केलं. तिन्ही वेळा हललं.

वय एकसष्ट. गळा आहे, यंत्र थोडंच आहे? मी हळूच म्हणालो, "आई, तो शेवटचा सूर जरा हलतोय."

सासूबाई पेटीवरचे हात न काढता म्हणाल्या, "हलतोय व्हय? कुठं?"

"वाट-वर."

त्यांनी पुन्हा गाऊन बघितलं, गिटारीशिवाय. तेव्हा हललं नाही. मी सांगितलं की एकटं गाताना माणूस सावध असतो, त्यामुळे ते धरता येत नाही. त्या म्हणाल्या, "असंल बाबा. तुमी शिकलेले."

रामकिशनकाका ढोलकीची दोरी ओढत बसले होते. त्यांनी त्यानंतर दोरी फारच ओढली.

१० मार्च, सोमवार, लातूर

रेणुकाला सांगितलं. ती आधी हसली. मग मी गंभीर आहे हे कळल्यावर हसायची थांबली. म्हणाली, "माय सुरातून हलली? माझी माय?"

मी म्हटलं, भावनेच्या भरात जाऊ नकोस.

"तुमी आधी ती पट्टी खाली घ्या आन् मग बोला."

टोनच्या बाबतीत घरच्यांशी चर्चा करायची नाही असं ठरवलंय.

१६ मार्च, रविवार, नांदेड

आज पुरावा घेऊन गेलो. मोबाईलमध्ये सूर तपासायचं ॲप टाकलं. सूर बरोबर असला की काटा मधोमध हिरवा, चुकला की बाजूला लाल. सासूबाईंना समोर बसवून 'वाट' म्हणायला लावलं, मागे मी सूर धरला. काटा वेड्यासारखा लाल-हिरवा-लाल. सगळ्यांना दाखवला.

सासूबाईंनी चष्मा लावून काटा बघितला. चेहऱ्यावर काही नव्हतं, पण नंतर पाणी प्यायल्या तेव्हा पेला दोन्ही हातांनी धरला होता. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण परीक्षेत कमी मार्क पडले की पोरांनाही वाईट वाटतंच, म्हणून काय मार्क वाढवायचे?

नंतर शंका नको म्हणून पेटीचा सूर लावून त्यावर गिटार वाजवली. तरी हललं! म्हणजे पेटीच्या पट्ट्याही गेल्या. जुनी पेटी, दमट हवा. एकाच पार्टीत गळा आणि पेटी दोन्ही एकदम जावेत म्हणजे कमाल झाली.

काका म्हणाले, "आता माझी ढोलकी बी बेसूर हाय का, ते बी बगा एकदा काट्यावर."

हा माणूस प्रगतीच्या आड येतो.

२० मार्च, गुरुवार, लातूर

घरी सासूबाईंची जुनी कॅसेट लावली, 'शाळेची वाट', पंचवीस वर्षांपूर्वीची. तिच्याबरोबर वाजवलं. कॅसेटमध्येही हलतंय! म्हणजे दोष आजचा नाही, सुरुवातीपासूनचा आहे, आणि पंचवीस वर्षं मराठवाड्यात एकाच्याही लक्षात आला नाही. कान लागतो त्याला.

सहज ॲप नुसत्या गिटारीसमोर धरलं. काटा लाल. ॲप काढून टाकलं. फुकटातली ॲपं अशीच असतात.

२३ मार्च, रविवार

किल्लारीच्या जयंती मंडळाचा फोन आला. १९ एप्रिलला मोठा कार्यक्रम, मैदानावर, एलईडी पडदा वगैरे. त्यांना 'शाळेची वाट' हवंच आहे.

कठोर निर्णय घेतला. क्लासमधल्या बायोलॉजीच्या आरती मॅडम छान गातात, गॅदरिंगला ऐकलंय. त्या गातील. पेटी नको. सासूबाईंना मान द्यायचा, पण स्टेजवर नाही. मी नवीन फ्लेक्स करून घेतोय. वर मोठ्ठं 'प्रा. प्रीतम सोनकांबळे लाइव्ह', मधे गिटारसह माझा फोटो, बाजूला आरती मॅडम, आणि खाली डाव्या कोपऱ्यात गोलात सासूबाई. 'शुभाशीर्वाद'.

आपल्याकडच्या फ्लेक्सवर ह्या कोपऱ्याला फार मान असतो. तिथे एकदा माणूस गेला की त्याला कुणी काही काम सांगत नाही.

२५ मार्च, मंगळवार

फ्लेक्सचा नमुना रेणुकाने बघितला. दोन बोटांनी कोपरा मोठा करून मायचा चेहरा बघितला. म्हणाली, "पार्टी कुणाची हाय?"

"पार्टी समाजाची आहे," मी म्हणालो.

"नाव कुणाचं होतं?"

मी म्हटलं, नावात अडकायचं नसतं. तेव्हा ती माझ्या मोठ्या अक्षरातल्या नावाकडे बघून 'बरं' म्हणाली आणि नांदेडला निघून गेली. शाळेला रजा टाकून. डबा मला स्वतः करावा लागतोय. खिचडी खाली लागली.

३० मार्च, रविवार, नांदेड

मी स्वतः जाऊन सांगितलं. म्हटलं, आई, आता आराम करा, पुढच्या रांगेत खुर्ची, शाल, सत्कार. मला वाटलं रडतील, किंवा काकांसारखं टोचून बोलतील. सासूबाईंनी फक्त एक विचारलं. "ते गाणं कोण म्हणणार?"

"आरती मॅडम."

"तिला सांगा, वाट म्हणताना डोळे मिटायचे न्हाईत. रेणूचे बाबा म्हणायचे, वाट दावायची तर डोळे उघडे पायजेत."

मग पेटीवर कापड टाकलं आणि भाजी निवडायला बसल्या. रेणुका माझ्याकडे पाठ करून त्यांच्याशेजारी बसली. परतीच्या एसटीत मला उगाच कसंतरी होत होतं, बहुतेक उन्हामुळे.

६ एप्रिल, रविवार, लातूर

आरती मॅडमसोबत पहिली तालीम. त्याही हलतात! अगदी त्याच जागी, 'वाट'वर!

मॅडम तीनदा थांबल्या. म्हणाल्या, "सर, मला कळंनाच कुठल्या सुराला धरू. तुमच्या एका तारेतून दोन येऊन राहिलेत."

एका तारेतून दोन सूर! बायोलॉजीवाल्यांचं फिजिक्स असं असतं. मी समजावलं की घाबरल्यावर कानाला असे भास होतात. खबरदारी म्हणून पिकअप अजून पाव आटा वर घेतला, म्हणजे त्यांना माझा सूर नीट ऐकू येईल.

सासूबाई, पेटी, कॅसेट, ॲप, आरती मॅडम. पाच जण बेसूर. मी एकटा कुठेकुठे पुरा पडणार?

१४ एप्रिल, सोमवार

जय भीम. सकाळी पुतळ्याला अभिवादन करून आलो. रेणुका मायसोबत नांदेडलाच आहे. मिरवणुकीत कुणीतरी कर्ण्यावर सासूबाईंचं जुनं रेकॉर्डिंग लावलं होतं. 'शाळेची वाट' आलं तेव्हा ट्रॅक्टरवरच्या डीजेवाल्यानेही आवाज कमी केला. माझ्या शेजारी पांढऱ्या साडीतल्या दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या, शब्द न् शब्द म्हणत होत्या.

मी कान देऊन ऐकलं. हललं नाही. कर्ण्यामधून बारीक दोष कळत नाहीत.

२० एप्रिल, रविवार

काल किल्लारी. लिहू की नको असं सकाळपासून चाललंय. लिहितो.

मैदान भरलेलं. माझा फ्लेक्स कमानीवर. सासूबाई, रेणुका आणि काका नांदेडहून जीपने आले. काका ढोलकी घेऊन स्टेजवर बसले, माझ्याकडे बघितलं नाही. सासूबाई पुढच्या रांगेत शाल घेऊन. सुरुवातीची गाणी बरी गेली. माझा आवाज सगळ्यात मोठा होता, एवढं नक्की.

मग 'शाळेची वाट'. शेवटी मॅडमनी 'वाट' लावलं, मी जाड तारेवर सूर धरला, आणि मोठमोठ्या स्पीकरमधून ते वँव-वँव अख्ख्या किल्लारीवर गेलं. मॅडमनी सूर बदलून बघितला. परत बदलला. मग थांबल्या, तोंडावर ओढणी घेतली आणि रडायला लागल्या. मी वाजवतच राहिलो. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ सर, मोटार बंद करा की!" हशा झाला. एलईडी पडद्यावर माझा चेहरा वीस फुटी दिसत होता, मीच बघत होतो.

सासूबाई उठल्या. शाल खुर्चीवर ठेवली, पायऱ्या चढून वर आल्या. आधी आरती मॅडमच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"जावईबापू, ती वायर काढा."

"आई, ह्याच्याशिवाय टोन..."

त्यांनी स्वतःच काढली. स्पीकरमध्ये फाट् असा आवाज झाला आणि सगळं शांत झालं.

काकांनी ढोलकीवर हळूच थाप दिली. सासूबाईंनी डोळे उघडे ठेवून गायला सुरुवात केली. शेवटी 'वाट' आलं. मी मुद्दाम शोधत होतो, कुठे हलतंय, कुठे हलतंय. कुठेच नाही. सूर तसाच उभा राहिला, लांबत गेला, रेणुका खाली उभी होती तिच्यापर्यंत, पार मागच्या जीपगाड्यांपर्यंत. माणसं उठून उभी राहिली. माझ्या हातात निकामी गिटार आणि डोळ्यांत पाणी. का आलं, विचारू नका. मला ह्या बाईला खुर्चीत बसवायचं होतं.

सत्काराची शाल मंडळाने काकांना दिली. फ्लेक्स कुणीतरी जेवणाच्या पंगतीत अंथरला होता. माझ्या तोंडावर वरणाचं पातेलं.

२३ एप्रिल, बुधवार

रिव्हिजन. धडा: चुंबकत्व. फळ्यावर चुंबक काढला, वर पोलादी तार काढली, तारेकडून चुंबकाकडे बाण काढला आणि हात थांबला. पोरं वाट बघत होती. पुढच्या बाकावरची एक म्हणाली, "सर, इतकं जवळ असेल तर तारेला मोकळेपणी हलताच येणार नाही ना?"

मी म्हणालो, "हे परीक्षेला येत नाही." आणि फळा पुसला.

२४ एप्रिल, गुरुवार

तो जुना व्हिडिओ परत लावला, 'पण'पासून पुढे. बघून बंद केला.

पेचकस घेतला. पोल आत पिळले. पट्टी खाली घेतली, आधी एक आटा, मग दोन, मग अजून. तार आणि खिळा यांच्यात आता दोन नाणी एकावर एक बसतात. जाड तार वाजवली. एकच सूर आला. किती वेळ राहिला! आवाज जरा लहान झाला, पण गोल, मोकळा. कॅसेट लावली, सासूबाईंबरोबर वाजवलं. जराही हललं नाही.

हवामान बदललंय. एप्रिलच्या उन्हात लाकूड सुकतं, त्यामुळे वाद्य बसतं. एवढीच नोंद पुरे.

२७ एप्रिल, रविवार, नांदेड

गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. दारात रेणुका होती, तिने गिटार माझ्या हातातून घेतली आणि बसायला सतरंजी टाकली. सासूबाईंनी पेटीवरचं कापड काढलं. वाजवायला लागलो.

'वाट'वर मी सूर धरला, हळू. त्यांचा सूर आणि माझा सूर एकमेकांत असे मिसळले की कुठला कुणाचा तेच कळेना. काकांची ढोलकी थांबली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मला इतका आनंद झाला की मी पुढची ओळ वाजवायची विसरलो.

सासूबाईंनी भाता बंद केला. "आता सांगा जावईबापू. कोण हललं होतं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी घसा साफ केला. म्हणालो, "आई, तुमच्यात लई सुधारणा झाली."

काका असे हसले की त्यांना ठसका लागला. सासूबाई हसल्या नाहीत. हात पुढे केला. "पेचकस द्या."

"कशाला?"

"द्या तर."

दिला. त्यांनी तो कमरेच्या पिशवीत पानाच्या डबीशेजारी ठेवला आणि पिशवीची नाडी ओढली. टोनमध्ये आता त्यांनाही रस वाटायला लागला असावा.

४ मे, रविवार, लातूर

रेणुका घरी आली. आज नीटची परीक्षा होती, पोरं पेपर देऊन आली, मी मोकळा झालो. संध्याकाळी रेणुकाने मोबाईलवर बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाचा नवीन फ्लेक्स दाखवला. वर मोठं 'सुमनबाई हटकर आणि पार्टी, नांदेड'. मधे पेटीसह सासूबाई. बाजूला काका. आरती मॅडमही, साथीला. मी कुठे दिसेना. शेवटी खाली, डाव्या कोपऱ्यात, गोलात, बोटाच्या नखाएवढा सापडलो. प्रा. गेलेलं. नुसतं 'गिटार: प्रीतम'.

"हे कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"मायनं."

"मी छत्तीस वर्षांचा आहे! ह्या कोपऱ्यात मला कामून टाकलं?"

रेणुकाने मोबाईल माझ्या हातातून घेतला, पर्समध्ये टाकला. "टाकलं न्हाई, जरा खाली घेतलंय तुम्हाला," ती म्हणाली. "खालीच बरे वाजता तुम्ही."

मी चहा मागितला. तिने करून दिला.